सबंध वर्ष एकाच आजींकडे जाऊ द्या : मुंबईतल्या विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व विद्यापीठांच्या विद्या परिषदांचे व अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
आणि महाविद्यालयांचे प्राचार्य,

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या अभ्यासक्रमात वृद्धशास्त्राला, म्हणजे म्हातारपणाच्या सर्वांगीण अभ्यासाला, जागा द्या, आणि ती देताना प्रत्येक विद्यार्थ्याला सबंध वर्ष एकाच वृद्ध व्यक्तीच्या घरी जाऊ द्या. मागणी एवढीच. तिच्यामागची कारणं मात्र जरा सविस्तर मांडावी लागतील, म्हणून हे पत्र.

मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पुढे वृद्धशास्त्र शिकले आणि आज लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करते. कुठल्या आजोबांचा चालताना तोल जातोय, कुठल्या मावशी कित्येक दिवसांत जिना उतरल्या नाहीत, कुणाचे श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत अडकलेत, कुणाच्या सुनेला रात्रीची झोप नाही, असं सगळं त्यात येतं. कॉलेजातली मुलं-मुली भेटली की विचारतात, "ताई, यात पुढे काय?" त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न त्याच्याही आधीचा असतो. "म्हाताऱ्या माणसांचं करायला डिग्री कशाला लागते? घरोघरी करतातच की."

करतात, हे खरं आहे, आणि बहुतेक घरांत जीव लावून करतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे त्या सुनेला कुणी सांगितलेलं नसतं. "माझी पाकीटमारी घरातलीच माणसं करतात" असं सासरे अचानक म्हणायला लागले, तर तो स्वभाव नसून आजाराची सुरुवात असू शकते, हेही नाही. बाळंतपणं पिढ्यान्पिढ्या घरीच होत होती, म्हणून आपण नर्सिंग शिकवायचं थांबवलं नाही. मायेला माहितीची जोड मिळाली तर करणाऱ्याचा निम्मा त्रास कमी होतो, हे मी रोज बघते.

वृद्धशास्त्र म्हणजे म्हातारपणचे आजार, असा समज शिक्षकांतही आढळतो. आजारांचा भाग डॉक्टरांचा, त्याला जेरिआट्रिक्स म्हणतात. वृद्धशास्त्राचा आवाका मोठा आहे. शरीर कसं बदलतं, मन कसं बदलतं, निवृत्तीनंतर घरातलं स्थान कसं बदलतं, पेन्शन, कायदा, आहार, घराची रचना, रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, हे सगळं त्यात येतं. वृद्धशास्त्राला इंग्रजीत जेरोन्टॉलॉजी म्हणतात; हे नाव मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1903 मध्ये दिलं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 1975 मध्ये या विषयाचं स्वतंत्र स्कूल सुरू झालं. आपल्याकडे वैद्यकाच्या बाजूने चेन्नईने पुढाकार घेतला. मद्रास मेडिकल कॉलेजात 1996 मध्ये जेरिआट्रिक्सचं एम.डी. सुरू झालं. मुंबईत ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयाची विभागीय केंद्र म्हणून निवड झाली. डॉक्टरांची वाट अशी हळूहळू तयार होते आहे. पण माणूस दवाखान्यात वर्षातून काही तास असतो. उरलेल्या वेळासाठी तयार झालेली माणसं कुठून येणार, हा प्रश्न कला, विज्ञान, वाणिज्य, गृहविज्ञान, समाजकार्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांपुढचा आहे.

आकडे आपल्याला ठाऊक असतील, तरी लिहिते. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक सुमारे 10.4 कोटी होते. 2022 मध्ये ते 14.9 कोटींवर गेले आणि 2050 पर्यंत 34.7 कोटींवर जातील, असा 2023 च्या भारतीय वार्धक्य अहवालाचा अंदाज आहे. म्हणजे तेव्हा दर पाच माणसांत एक. साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के असल्याचा अंदाज आहे. तो अंदाज ज्या राष्ट्रीय पाहणीच्या पायावर उभा आहे, ती पाहणी, 45 वर्षांपुढच्या 72,000 हून अधिक लोकांची, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. देशाच्या म्हातारपणाचा हिशेब मुंबईतच मांडला जातो. मग त्या हिशेबातल्या माणसांपर्यंत पोहोचणारी पिढीही मुंबईतच तयार व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

वृद्धांशी विद्यार्थ्यांची ओळख करून देण्याची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे वृद्धाश्रमाला भेट. एक बस, चाळीस मुलं, फळवाटप, दोन-तीन गाणी, ग्रुप फोटो आणि मग अहवाल. मुलांचा हेतू चांगलाच असतो, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण त्या दीड-दोन तासांत त्यांना म्हातारपण दिसतच नाही. त्यांना दिसतात ओळीने बसवलेली माणसं, ज्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं की मुलं येणार आहेत, नीट कपडे घाला. मुलं दया घेऊन परततात. दयेतून सून, मुलगा, डॉक्टर, नगरसेवक कुणाशीच नीट बोलता येत नाही. शिवाय या शहरातले बहुसंख्य वृद्ध आश्रमात राहत नाहीत. ते चाळीत, झोपडपट्टीत, पुनर्विकासाच्या इमारतीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तिथे कुणाचीच बस जात नाही.

वर्षभर एकाच व्यक्तीकडे गेल्याने काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते.

परळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. संडास सामाईक, गॅलरीच्या पार टोकाला. रात्री तिकडे जायचं म्हणजे मुलाला उठवायचं, दार उघडायचं, गॅलरीत झोपलेल्यांना ओलांडत जायचं. आजींनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायचं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आमच्याबरोबर काम शिकणारी एक मुलगी त्यांच्याकडे जुलैपासून दर आठवड्याला जात होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात एके दिवशी ती गेली, तर आजी तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. मधेच झापड येत होती, मधेच कपाटातून काहीतरी शोधत होत्या. घरचे म्हणाले, वय झालं, आता असंच चालायचं. ही मुलगी अडून बसली. मागच्या आठवड्यात याच आजींनी मला आंबोळीचं पीठ कसं भिजवायचं ते तांदूळ-उडदाच्या मापासकट सांगितलं होतं, म्हणाली. चार दिवसांत एवढं म्हातारपण येत नाही. डॉक्टरांकडे नेलं. लघवीचा संसर्ग निघाला, अंगात पाणी कमी पडलं होतं. औषध सुरू झालं आणि काही दिवसांत आजी पूर्वीसारख्या बोलायला लागल्या.

याला डेलिरियम म्हणतात. तो तासा-दिवसांत येतो, कमी-जास्त होत राहतो आणि कारण सापडलं तर बहुतेक वेळा बरा होतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो. हा फरक पुस्तकात अर्ध्या पानात असतो आणि परीक्षेत पाच गुणांना येतो. पण समोरच्या माणसात तो ओळखायचा, तर ते माणूस एरवी कसं असतं हे ठाऊक असावं लागतं. एका भेटीत ते कळत नाही. त्या मुलीला ते कळलं, कारण ती जुलैपासून जात होती. त्यानंतर रात्रीसाठी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली, गॅलरीतला दिवा बदलला गेला, आजी पुन्हा रात्रीचं जेवण झाल्यावर पाणी प्यायला लागल्या. यातलं काहीही महाग नव्हतं.

औषधांचंही तसंच. आमच्याकडे नव्या माणसाला पहिलं काम देतो ते म्हणजे घरातली सगळी औषधं पलंगावर मांडायची. प्लास्टिकच्या पिशवीतली, फ्रिजवरची, उशीखालची, देव्हाऱ्यातली सुद्धा. गोळ्यांची पट्टी कापून दिल्यामुळे नाव अर्धं उरलेलं असतं. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, नाक्यावरच्या केमिस्टने दिलेली, शेजारणीला लागू पडली म्हणून घेतलेली. एकच झोपेची गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू असल्याचं मी पाहिलं आहे. अशा गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो आणि पडून मांडीचं हाड मोडतं, म्हणून वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेतल्या डॉ. बीअर्स यांनी 1991 मध्येच तयार केली होती; ती अजूनही सुधारून वापरली जाते. औषध बंद करणं विद्यार्थ्याचं काम नाही, ते त्याने करताही कामा नये. पण सगळ्या गोळ्यांची एक स्वच्छ यादी लिहून ती डॉक्टरांसमोर ठेवणं दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज जमतं. ती यादी बघून गोळ्या कमी केलेले डॉक्टर मी पाहिलेत.

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या चाचण्यांचाही खरा कस घरातच लागतो. पडण्याचा धोका मोजायला एक साधी चाचणी आहे: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंदांहून जास्त लागले तर काळजी घ्यायची. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि शिलाई मशीन सोडून तीन मीटर उरत नाहीत. मग चाचणी गॅलरीत होते, शेजारी जमतात आणि मोठ्याने सेकंद मोजतात. आजोबा त्या उत्साहात नेहमीपेक्षा भरभर चालतात. हा आकडा किती धरायचा, हे विद्यार्थ्याने तिथेच शिकायचं असतं. स्मृतीच्या चाचणीत तारीख विचारतात. चौथी शिकलेल्या आजींना तारीख सांगता येत नाही, पण परवा अंगारकी आहे आणि त्याआधी शेंगदाणे आणून ठेवायला हवेत, हे पक्कं माहीत असतं. कमी शिकलेल्या हिंदी भाषकांसाठी हरियाणातल्या बल्लभगढमध्ये वेगळी चाचणी तयार करण्यात आली, ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी घरांत वर्ष-वर्ष जाणारे विद्यार्थी असतील, तर गिरणगावातल्या माणसांना साजेसे प्रश्न तेच आणून देतील. आणि त्यांना त्यांच्या नोंदी व तोंडी परीक्षा मराठीत देऊ द्या. जे मराठीत ऐकलं, ते इंग्रजीत लिहिताना निम्मं गळून पडतं.

यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यात पदवीची जी चौकट आली, तिच्यात दुसऱ्या वर्षाला साधारणपणे एका सत्रात फील्ड प्रोजेक्टची 2 आणि पुढच्या सत्रात कम्युनिटी एंगेजमेंटची 2 क्रेडिट आहेत. प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला 30 तास. म्हणजे चार क्रेडिटचे 120 तास. ही दोन सत्रं जोडा. तीस आठवडे, आठवड्याला चार तास: दोन तास आजी-आजोबांच्या घरी, उरलेले दोन नोंदी लिहायला आणि मार्गदर्शकाबरोबर गटात बसायला. सोबत ओपन इलेक्टिव्ह म्हणून वृद्धशास्त्राची तोंडओळख ठेवा, म्हणजे बी.कॉम. किंवा आय.टी.चा विद्यार्थीही येऊ शकेल. तो यावा, अशी माझी फार इच्छा आहे. उद्या बँकेच्या काउंटरवर तोच बसणार आहे आणि पेन्शनरांना लागणारं ॲपही तोच बनवणार आहे.

दोन गोष्टी मात्र नियमात स्पष्ट लिहिलेल्या हव्यात, कारण त्या घडतातच.

पहिली म्हणजे मृत्यू. वर्षभरात काही आजी-आजोबा जातील. वीस वर्षांच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलेला मृत्यू कदाचित तोच असेल. अशा वेळी त्याच्या हजेरीचं काय, उरलेल्या तासांचं काय, असले प्रश्न त्याला ऑफिसच्या खिडकीत उभं राहून सोडवायला लागू नयेत. त्याचं काम पूर्ण धरावं, त्याने हवं तर घरच्यांना भेटायला जावं, दिवसांना जावं, आणि मार्गदर्शकाने त्याच्याशी सावकाश बोलावं. मी अशी मुलं पाहिली आहेत जी एका मृत्यूनंतर या कामापासून कायमची दूर गेली, केवळ त्यांच्याशी कुणी बोललं नाही म्हणून. ती मुलं चांगली होती, कामाला हवी होती.

दुसरी म्हणजे पैसा आणि मालमत्ता. मुंबईत खोली हा घराघरातला सगळ्यात नाजूक विषय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात विश्वास बसला की आजी हळूच सांगतात, "खोली लेकाच्या नावावर करून दिली, आता जेवायला वेळेवर मिळत नाही." विद्यार्थ्याने तिथे न्याय करायला बसू नये, कुठल्याही कागदावर सही करू नये, पैसे हाताळू नयेत. पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास कलम 23 खाली परत मागता येते, आणि 14567 या हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो, एवढं त्याला ठाऊक असायला हवं. ऐकलेलं मार्गदर्शकाला सांगण्याचं बंधनही हवं. मारहाण किंवा उपासमार दिसली तर गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसायचं नसतं, हे पहिल्याच तासाला शिकवलं पाहिजे.

शिकवणार कोण, असं मला एका कॉलेजात विचारलं होतं, आणि त्यावरच बैठक संपली होती. माझं उत्तर असं: शिकवणारे शहरात आहेत, त्यांना वर्गात आणा. फेस्कॉम या राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी जोडलेले संघ जवळजवळ प्रत्येक उपनगरात आहेत. विद्यार्थी कुणाकडे पाठवायचे, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. निवृत्त परिचारिका आहेत, व्यवसायोपचार तज्ज्ञ आहेत, रुग्णालयांतले समाजसेवा अधिकारी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 पासून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची, म्हणजे प्रत्यक्ष कामातल्या जाणकारांना शिकवायला घेण्याची, तरतूद केली आहे, ती अशा अनुभवी माणसांसाठी वापरता येईल. आणि एक आग्रह, जो काहींना खटकेल. ब्यूरोतून रुग्णांच्या घरी बारा-बारा तासांच्या ड्यूटीवर येणाऱ्या मावशींना मानधन देऊन पाहुण्या शिक्षिका म्हणून बोलवा. पडलेल्या माणसाला पाठीला हिसका न बसता उठवायचं कसं, चावणाऱ्या, ओरडणाऱ्या आजोबांना आंघोळीला कसं राजी करायचं, हे मी स्वतः एका मावशींकडून शिकले. त्यांच्या हातातलं ज्ञान विद्यापीठाने मानलं, तर त्यांच्या पगाराकडेही समाज वेगळ्या नजरेने बघेल. त्यांच्यासाठी प्रमाणपत्राचा छोटा अभ्यासक्रम संध्याकाळच्या वेळात ठेवता आला तर फारच उत्तम.

नोकऱ्यांचं बोलायलाच हवं, कारण मुलांचा तो प्रश्न रास्त आहे. आज डे-केअर केंद्रं, होम-केअर कंपन्या, सामाजिक संस्था, रुग्णालयं, ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलांत काम आहे. पण जाहिरातीत वृद्धशास्त्राचा उल्लेख क्वचितच असतो आणि पगार कमी असतो. हे मी कुणा विद्यार्थ्यापासून लपवत नाही. पदं तयार करणं शासनाच्या हातात आहे. पण शिकलेली माणसंच नसतील, तर पदं मागणार कोण? सुरुवात आपल्यापासून होऊ शकते. दर आठ-दहा विद्यार्थ्यांमागे एक क्षेत्रकार्य मार्गदर्शक नेमायचा तर तो वृद्धशास्त्र शिकलेला असावा आणि त्याला पूर्ण पगार असावा.

हे आत्ताच का करायला हवं, तेही थोडं सांगते. बीडीडी चाळींतली माणसं 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून 500 चौरस फुटांच्या घरांत जाऊ लागली आहेत. वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 घरांचा ताबा दिला गेला. आपल्या घरात स्वतःचा संडास आला, याचं सुख किती मोठं आहे, ते वरच्या आजींच्या गोष्टीवरून कळेल. त्याच वेळी सत्तर वर्षं उघड्या दाराने जगलेला माणूस उंच मजल्यावर बंद दाराआड जातो, लिफ्टची बटणं त्याला नवी असतात, आणि "काय हो, आज दिसला नाहीत" असं विचारणारी गॅलरी मागे राहते. हे स्थलांतर आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर चाललंय. पुढच्या काही वर्षांत त्या दारांवर टकटक करणारे विद्यार्थी असले, तर काय बिघडलं आणि काय सुधारलं हे शहराला कळेल. नंतर कितीही मोठा संशोधन प्रकल्प काढला, तरी हा काळ परत मिळणार नाही.

म्हणून विनंती अशी की, जूनमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी होणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. दोन-तीन महाविद्यालयांत, प्रत्येकी वीस विद्यार्थ्यांपासून सुरुवात केली तरी पुरेसं आहे. लालबाग-परळमध्ये विद्यार्थ्याला घरात यायला परवानगी देणाऱ्या कुटुंबांशी मी आणि माझे सहकारी बोलून ठेवू. घरोघरी द्यायचं संमतिपत्र, नोंदवहीचा नमुना आणि मार्गदर्शकांसाठीच्या सूचना आम्ही मराठीत तयार केल्या आहेत. त्या कुणालाही विनामूल्य देऊ. बैठकीत अर्धा तास दिलात, तर ते कागद घेऊन मी येते.

आपली विश्वासू,
ज्येष्ठांबरोबर काम करणारी एक कार्यकर्ती
परळ, मुंबई